टीव्हीच्या फ्रीजमध्ये मला जागा नाही

मी आइस्क्रीमचा डबा बोलतोय. आइस्क्रीम संपून वर्षं झाली. आता माझ्या पोटात भात भरलेले टोमॅटो असतात. आइस्क्रीमच्या आशेने झाकण उघडणाऱ्यांची पडलेली तोंडं मी पुष्कळ पाहिली, पण मला त्याची लाज वाटत नाही.

ग्रीसमधल्या करदित्सा गावच्या एव्हान्थियाबाई मला भरतात, दोरीने आवळतात आणि अथेन्सच्या बसमध्ये सामानाच्या कप्प्यात ठेवतात. अथेन्सला त्यांची लेक मिर्तो मला उतरवून घेते. त्या कप्प्यात माझे भाऊबंद ढिगाने असतात. अथेन्समधली अर्धी तरुण पिढी आमच्या जिवावर उभी आहे, हे मी छातीठोकपणे सांगतो.

मिर्तो टीव्हीसाठी मालिका लिहायची. चार तरुण मित्र, चौघंही कॅफेत कॉफी देणारे, आणि राहायला समुद्र दिसणारं घर! फ्रीजमध्ये काय, तर दोन लिंबं आणि शॅम्पेन. मिर्तोने एक प्रसंग लिहिला. नोकरी गेलेला नायक फ्रीज उघडतो, आईचा डबा काढतो आणि उभ्या उभ्याच खातो. त्यासाठी तिने मलाच सेटवरच्या फ्रीजमध्ये नेऊन ठेवलं.

दिग्दर्शक पांदेलिस भडकले. "हे भंगार कुणी ठेवलं? अगं, ही मुलं स्वतंत्र आहेत!"

"स्वतंत्र माणसं जेवत नाहीत का, साहेब?"

"आईच्या पदराआड लपलेली पोरं कोण बघणार?"

"मी लपलेय? दोन-दोन नोकऱ्या करते, तरी महिनाअखेरीला याच डब्यावर जगते. आमचीच गोष्ट सांगायची होती ना आपल्याला?"

"डबा बाहेर, नाहीतर तू बाहेर."

तिने मला काखोटीला मारलं. "मग माझं नावही काढा."

मी अभिमानाने फुललो. पण खरी परीक्षा गावात होती. लेकीचं नाव पडद्यावर बघायला एव्हान्थियाबाईंनी सगळी आळी बोलावली होती, आणि गावी आलेल्या मिर्तोच्या तोंडून खरं काही निघेना. मालिकेचा भाग संपला, नावं सरकून गेली. शेजारच्या कालिरोईबाई साखर घोळलेल्या आवाजात म्हणाल्या, "अगंबाई, आमच्या मिर्तोचं नाव कुठे दिसलं नाही ते?"

मिर्तोने मान खाली घातली. "आई, मी सोडली ती नोकरी. तुझा डबा काढायला सांगितला त्यांनी."

एव्हान्थियाबाई टीव्हीकडेच बघत होत्या.

"मघापासून बघतेय मी," त्या म्हणाल्या. "चार धडधाकट पोरं. एकाच्याही पोटात अन्नाचा कण नाही, एकालाही आईचा फोन नाही. अनाथ आहेत का गं ती? असल्या घरावर माझ्या लेकीचं नाव हवंय कुणाला!" आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

आज मिर्तो अथेन्सला परत निघाली आहे. टीव्हीची नोकरी नाही, पण मी तिच्या मांडीवर आहे, गच्च भरलेला. टीव्हीवाल्यांनो, तरुणांची गोष्ट सांगायची असेल तर आधी त्यांचे फ्रीज उघडा. मी तिथेच सापडेन. झाकण घट्ट आहे, जरा जोर लावा.