गादीखालची पोटली

मित्रांनो, मी तळोद्याच्या एका दवाखान्यातली, बालविभागातली जुनी लोखंडी कॉट. वेल्डिंगच्या दुकानातून नवी कोरी आले, तेव्हा माझ्या उंच कठड्यांचं काय कौतुक व्हायचं! आता रंग उडालाय, एका पायाखाली वीट आहे आणि स्वभाव पक्का संशयी झालाय. आकडी बघून बघून तो तसा झाला.

आकडी, म्हणजे फिट, एका तऱ्हेची नसते. तापातली अंग ताठ करते आणि बहुधा आपली आपण थांबते. जुलाबाने अंगातलं मीठ घटलं, मेंदूला सूज आली, तरी झटके येतात. कुणाचा एकच हात उडतो. कुणी नुसतं टक लावून बघतं आणि आईला वाटतं, किती शांत बाळ!

सव्वा वर्षाचा नवनीत खोकल्यासाठी माझ्याकडे आला. अंगात ताप नाही, तरी त्याला आकडी आली, आणि काही वेळाने पुन्हा. रजिया सिस्टरने त्याला कुशीवर वळवलं, तोंडात चमचा घालू दिला नाही. रक्तातली साखर तपासली, ती ठीक निघाली. मग कारण काय? मला आधी त्याच्या आईचा, रुपाचा संशय आला. ती सारखी दाराकडे बघत होती. पण ती बिचारी नवऱ्याची वाट बघत होती.

मग आजी कौसाबाई माझ्या नजरेत आली. डॉक्टर येताना दिसले की ती नवनीतच्या गळ्यातली पोटली सोडून माझ्या गादीखाली सारायची. ते गेले की पुन्हा बांधायची आणि तो ती चोखत बसायचा. बाई, हे काय चाललंय तुझं? पण मला कुठलं तोंड!

"घरचं काही औषध दिलंत?" डॉक्टर मुजाहिदांनी विचारलं.

"काहीच नही दिधं," कौसाबाई म्हणाली. खोटं!

तिसरी आकडी थांबायला फार वेळ लागला. पोराचे ओठ निळे पडले. डॉक्टरांनी धुळ्याला न्यायला गाडी बोलावली. रुपा रडायला लागली, तशी कौसाबाईने गादीखाली हात घातला.

"कापूर शे, डॉक्टर. खोकलासाठे बांधेल व्हता. सिस्टर कोपतीन म्हणीसन दपाडा." सिस्टर रागावतील म्हणून लपवला होता तर!

डॉक्टरांनी पोटली हुंगली. कापडाचं टोक चावून ओलं झालं होतं.

"आजी, कापूर पोटात गेला की लहान मुलांना अशीच फिट येते."

"म्हणजे मीच..." कौसाबाई माझ्यापासून दूर सरकली.

"तुम्ही सांगितलंत. आता मला कळलं, कशावर उपचार करायचा."

गाडी थांबवून ठेवली, पण आकडी पुन्हा आली नाही, म्हणून ती लागली नाही. दुसऱ्या दिवशी नवनीत माझा कठडा धरून उभा राहिला आणि त्याने आजीकडे हात पसरले. ती मात्र जवळ यायला घाबरत होती.

मित्रांनो, दवाखान्यात आलात की काय खाल्लं, काय चाटवलं, गळ्यात काय बांधलं, ते सगळं सांगा. आणि उद्या तुमच्यातलं कुणी डॉक्टर झालं, तर अशा आजीवर आधी ओरडू नका. ती प्रेमानेच बांधते आणि भीतीनेच लपवते.