चरबी मोजायचा चिमटा

पोषणशास्त्र विभागात दरवर्षी एक नाटक व्हायचं आणि त्यातली नायिका ठरलेली असायची. त्वचेखालची चरबी मोजायचं प्रात्यक्षिक आलं, की मॅडम सगळ्यांत जाड मुलीला पुढे बोलवायच्या, तिच्या दंडाची वळी चिमट्यात धरायच्या आणि आकडा मोठ्याने वाचायच्या. गेली दोन वर्षं ती मुलगी म्हणजे आपली थोरली. "या, आपलं गोदाम उघडू या," असं मॅडम म्हणायच्या आणि वर्ग खो खो हसायचा. सगळ्यांच्या आधी थोरलीच हसायची. लोकांनी हसण्यापेक्षा आपणच हसलेलं बरं, असा तिचा हिशोब. मेला तो हिशोब! घरी नळ सोडून रडताना तो कधी कामाला आला नाही.

घरात तिने या कानाचं त्या कानाला कळू दिलं नव्हतं. आई बिचारी पोरींच्या ताटात वाढताना कधी हात आखडत नसे, तिला काय सांगणार? आणि याचाच परिणाम असा झाला, की "ताईला किती आवडतं तिथे" म्हणून धाकटीनेही यंदा तिथेच प्रवेश घेतला. अंगापिंडाने दोघी सारख्याच.

आवडत तर थोरलीला होतंच. हॉस्पिटलच्या आहार विभागात उमेदवारीची एकच जागा होती आणि ती मॅडमच्या शिफारसपत्रावर मिळायची. आजारी माणसाच्या खाटेजवळ बसून, त्याला न घाबरवता, काय खायचं ते सांगायचं, याचा तिने ध्यास घेतला होता. त्या पत्रासाठी तिने वर्षभर मॅडमची पडेल ती कामं केली.

पहिल्या वर्षाच्या मुलांचं प्रात्यक्षिक आलं. थोरली मदतीला उभी होती, धाकटी पहिल्या बाकावर.

"या, गोदाम," मॅडम म्हणाल्या.

धाकटीने चमकून ताईकडे पाहिलं. थोरलीला नेहमीचं हसू काही आलं नाही.

"मी नाही येणार, मॅडम."

"अगं बाई, लाज वाटायला लागली? राहू दे. धाकटी पाती आहे की! माल एकाच घरचा." वर्ग हसला. "ऊठ गं."

धाकटी उठली. कान लालबुंद, तरी बाही वर सरकवायला लागली. आणि हसत होती! थेट ताईसारखी, सगळ्यांच्या आधी.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरातरा जाऊन तिने चिमटा उचलला.

"मीच दाखवते, मॅडम. पुस्तकात पहिली पायरी दिलीय, ती इथे कुणी कधी चढलंच नाही." ती बहिणीसमोर उभी राहिली. "तुझी चरबी मोजू का?"

"ताई, अगं..."

"ताई-बिई काही नाही. हो का नाही, एवढंच सांग."

धाकटीचा हात बाहीवरच थांबला.

"नाही," धाकटी पुटपुटली. मग घसा खाकरून म्हणाली, "नाही म्हणजे नाही!"

"बस खाली. नाही म्हटलं, की चिमटा ठेवून द्यायचा. कळलं सगळ्यांना?" आणि तिने तो टेबलावर ठेवला.

"पत्राचं विसर आता," मॅडम थंडपणे म्हणाल्या.

थोरलीची वर्षभराची मेहनत पाण्यात. पण आता शेपूट घातली, तर ही पोरगी जन्मभर लोकांच्या आधी हसत बसेल.

"विसरले," ती म्हणाली.

माप घेतल्याशिवाय तास पुरा होणार नव्हता. मॅडमनी मागच्या बाकावरच्या मुलाला खूण केली. "नको, मॅडम." त्याच्या शेजारणीला. "मलाही नको." जिकडे बोट जाई तिकडे मान हलायची. कालची पोरं, पण बघता बघता नाही म्हणायला शिकली.

अखेर मॅडमनी दातओठ खात स्वतःच्या कोटाची बाही वर केली. "घे, माझं मोज. आणि आटप एकदाचं."

थोरलीने चिमटा उचलला, पण लावला नाही. दोन वर्षांचं उट्टं काढायला एखादा शब्द पुरला असता, तोंडाशी आलाही होता. तिने तो गिळला.

"मोजू का, मॅडम?"

सगळा वर्ग त्यांच्या तोंडाकडे बघत होता. थोरलीचा हात जागचा हलला नाही.

"हो," शेवटी मॅडम म्हणाल्या.