घरी तपासलंय

टेबलाच्या पलीकडे जाऊन तिने स्क्रीनची मान थोडी त्याच्याकडे वळवली आणि म्हणाली,

"आता बघा."

तो खुर्चीत पुढे सरकला. हात सवयीने कीबोर्डवर गेले, दोन-तीन बटणं दाबली गेली आणि नेहमीचं पान उघडलं. शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकातलं ते पान त्याने फार पूर्वी तपासलेलं होतं. नवं काही बसवलं की चाचणी याच पानावर व्हायची.

"वाचता येतंय?"

त्याने मान किंचित डावीकडे कलती केली. "वाळवंटात दिवसा वाळू झपाट्याने तापते. रात्री ती तितक्याच लवकर थंड होते. त्यामुळे..." तो थांबला. "छान आहे. अगदी स्वच्छ. मागच्यापेक्षा अक्षर सुटं वाटतंय."

ती स्क्रीनकडे बघतच नव्हती. स्क्रीनच्या मागे उभी राहून ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती, फोटो काढणाऱ्याने बघावं तशी. कपाळाला आठी नाही, डोळे बारीक केलेले नाहीत. तेवढं तिला पुरे होतं.

"मग पाठवू ना सगळ्यांना?"

"पाठव की."

ती स्वयंपाकघरात गेली. ओट्याच्या कोपऱ्यात तिचा जुना लॅपटॉप असायचा. आपल्या थीमची नवी आवृत्ती तिने ती वापरणाऱ्या मंडळींच्या पानावर चढवली आणि खाली नेहमीचे दोन शब्द लिहिले : घरी तपासलंय.

तो मुद्रितशोधक होता. शाळेच्या पुस्तकांची प्रुफं डोळ्यांत तेल घालून तपासण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. उपाहारगृहात बसला तरी आधी मेनूतल्या वेलांट्या सुधारायचा आणि मग काय खायचं ते ठरवायचा. डोळ्यांच्या आतला पडदा मधोमध विरायला लागला तेव्हा डॉक्टरांनी चष्म्याचा नंबरसुद्धा बदलून दिला नाही. उपयोग नाही म्हणाले. पांढऱ्या पानाचा उजेड त्याला टोचू लागला. अक्षरं त्या उजेडात बुडून जात.

ती रंगाच्या दुकानात होती. गिऱ्हाईक "पांढरा, पण पांढरा नको" असं म्हणालं की त्याला नेमकं काय हवंय ते तिला कळायचं आणि मशीनवर ती तो रंग मिसळून द्यायची. त्याच्या संगणकावरची प्रणाली फुकट मिळणारी होती, कुणीही उघडून बघावी, बदलावी अशी. त्या प्रणालीसाठी थीम बनवणारे लोक जगभर पसरलेले होते. थीम म्हणजे स्क्रीनचा पोशाख : खिडक्यांचे काठ, अक्षरांचा रंग, चित्रं, बाण. कुणी स्क्रीनचं जंगल करायचं, कुणी जुना रेडिओ. पैसा कुणालाच मिळत नसे. हौस आणि एकमेकांची शाबासकी, एवढीच कमाई. तिने तिथे बिचकत विचारलं होतं, की नवऱ्याच्या डोळ्यांना टोचणार नाही असं काही आहे का. "घुबड" या नावाने वावरणाऱ्या एकाने उत्तर दिलं, "नाही. पण बनवता येईल. शिकवतो." आणि खरंच शिकवलं, न कंटाळता.

तिची थीम सुंदर नव्हती. कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट जमीन, त्यावर पिवळसर अक्षरं, जाड काठ, बोटाएवढा बाण. पण ज्यांच्या डोळ्यांनी दगा दिला होता, ती माणसं एकेक करून तिच्याभोवती जमली. कुणी हिशेबनीस, कुणी भाषांतरकार, कुणी नुसती म्हातारी माणसं. त्यांनी तिचं नाव "रंगवाली" ठेवलं. हे जाड करा, ते फिकट करा, अशा त्यांच्या मागण्या येत आणि ती सगळ्यांना एकच उत्तर देई : घरच्या माणसाला विचारून सांगते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने फोन उघडला, तर मंडळींच्या पानावर कल्लोळ उडालेला होता.

"रंगवाली, आमच्याकडे अमावास्या लवकर आली वाटतं?" घुबडाने लिहिलं होतं.

खाली बाकीच्यांनी. अक्षरं नाहीत. पान उघडतं, पण नुसतं काळं. लिहिलेलं काही दिसत नाही. एकाने चिडून स्क्रीनचा फोटोच टाकला होता. जाड काठांची चौकट आणि आत काहीच नाही.

कारण तिच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. अक्षरांच्या रंगाच्या जागी तिने जमिनीचाच रंग चिकटवला होता. तिच्या लॅपटॉपवर जुनी मांडणी शिल्लक राहिल्याने तिथे चूक दिसली नाही. अशी चूक कुणाच्याही हातून होते. तिने लिहायला घेतलं, "माफ करा, संध्याकाळी दुरुस्त करते, घरी तपास..."

तिथे तिचा अंगठा थांबला.

हीच आवृत्ती काल त्याच्या संगणकावर होती. वाळवंटात दिवसा वाळू झपाट्याने तापते. अक्षर सुटं वाटतंय.

समोर एक बाई निळ्या रंगाचा तुकडा घेऊन उभी होती. "अगदी हाच हवा हं," बाई म्हणाली. तिने तुकडा हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि मालकाला सांगितलं, "मला जरा बरं नाही. घरी जाते."

तो टेबलाशीच बसला होता. संगणक चालू होता. ती आत आली तेव्हा त्याने दाराकडे मान वळवली.

"आज लवकर?"

"ते पान उघडा."

त्याने उघडलं. या वेळी ती त्याच्या मागे उभी राहिली. चौकटीच्या आत काळं होतं, कडेपासून कडेपर्यंत.

"वाचा."

"वाळवंटात दिवसा वाळू झपाट्याने तापते," तो वाचू लागला. "रात्री ती तितक्याच लवकर..."

"अहो."

तो थांबला.

"पान काळं आहे. त्यावर एकही अक्षर नाही."

त्याने कीबोर्डवरचे हात उचलून मांडीवर ठेवले. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि कुणीतरी दुसरं त्याला हाताने गाडीवर थाप मारून "येऊ दे, येऊ दे" म्हणत होतं.

"कधीपासून?"

"मधलं सगळं केव्हाच गेलं. कडेचं दिसतं. दार दिसतं, तू आलीस-गेलीस ते कळतं. पेला सापडतो."

"आणि प्रुफं?"

"ती येत नाहीत. मीच सांगितलं त्यांना, नका पाठवू म्हणून."

"मला का नाही सांगितलं?"

"तू तिथे उभी राहायचीस," त्याने स्क्रीनच्या पलीकडे हात केला. "आता दिसतंय का, आता दिसतंय का. दुकानातून दमून यायचीस आणि तरी ते घेऊन बसायचीस. मी काय सांगणार होतो?"

तिला रडू येईल असं वाटलं होतं. आला तो राग.

"आणि ती बाकीची माणसं? त्यांना मी काय सांगत होते ते माहीत आहे? माझ्या घरी तपासलंय. माझ्या नवऱ्याला दिसतंय, म्हणजे तुम्हालाही दिसेल. तुमचा शब्द प्रमाण मानून मी त्यांना गप्प बसवत होते!"

तो तिच्या आवाजाच्या दिशेने वळला. डोळे तिच्या खांद्यापलीकडे कुठेतरी रोखलेले होते. हे तिला आधी कसं दिसलं नाही?

"मला वाटलं, हे आपल्या दोघांपुरतंच आहे," तो म्हणाला.

तिने अक्षरांचा रंग परत आणला. मग मंडळींच्या पानावर खरं ते लिहिलं : घरी तपासणाऱ्याला बऱ्याच काळापासून दिसत नाही, हे मला आज कळलं. जुन्या सगळ्या आवृत्त्यांवर विसंबू नका. घुबडाने फक्त "समजलं" एवढंच लिहिलं. एका भाषांतरकाराने लिहिलं, "म्हणजे मी तक्रार करायचो तेव्हा वेडा नव्हतो तर." दोघातिघांनी निरोप न घेताच थीम काढून टाकली.

घरात कामापुरतं बोलणं उरलं. त्याने मागितलं की ती द्यायची, तिने विचारलं की तो सांगायचा. तो आता संगणकाशी बसत नव्हता, खिडकीशी बसायचा. ती दुकानातून आली की त्याच्याकडे न बघता आत जायची आणि आत गेल्यावर दाराआडून त्याच्याकडे बघत राहायची. तो पेला कसा उचलतो, खुर्ची कशी चाचपतो. आपण इतके दिवस चेहराच बघत होतो, हात बघितलेच नाहीत, असं तिला वाटायचं.

सुट्टीच्या दिवशी तिने सगळ्या जुन्या तक्रारी पुन्हा उघडल्या. त्यात औषधवाली होती. कुठल्यातरी औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करणारी, डोळ्यांचं दुखणं तेच. तिने पुन्हा पुन्हा लिहिलं होतं, की नव्या आवृत्तीत धोक्याची लाल ओळ दिसत नाही. औषध चुकलं की दुकानाचा संगणक लाल ओळ दाखवतो, तीच दिसत नाही. रंगवालीचं उत्तरही तिथेच होतं : घरी तपासलंय, लाल अगदी ठळक दिसतो, तुमच्या स्क्रीनचा उजेड वाढवून बघा. त्यावर औषधवालीचं शेवटचं वाक्य होतं, "बरं. माझ्याच डोळ्यांचा दोष असेल."

त्यानंतर ती पानावर आलीच नव्हती.

तिने औषधवालीला खासगी निरोप पाठवला. तुमचं बरोबर होतं, चूक माझी होती. लाल काढून तिथे पिवळा पट्टा देते आहे. जास्त काही लिहिणं तिला जमलं नाही.

उत्तर संध्याकाळी आलं. ते तिने उभ्यानेच वाचलं, मग खुर्ची ओढून पुन्हा वाचलं आणि बाहेर त्याच्याकडे गेली.

"ऐका," ती म्हणाली आणि वाचू लागली. "पट्ट्याबद्दल आभार. पण मी आता काउंटरवर नसते. एकदा चुकीच्या गोळ्या दिल्या गेल्या. माणूस घरी जाऊन परत आला, खाल्ल्या नव्हत्या, म्हणून निभावलं. आता मागे बसून खोकी फोडते. घरी वाटतं मी काउंटरवरच आहे. तुमच्या घरच्यांना एक विचाराल का? यापुढे काय होतं? डॉक्टर नीट सांगत नाहीत आणि बाकी कुणाला विचारायचं कळत नाही."

खिडकीच्या चौकटीवर त्याचा अंगठा पुढे-मागे फिरत राहिला.

"काय उत्तर देऊ?" तिने विचारलं.

"लॅपटॉप आण."

तिने आणला, मांडीवर घेतला.

"लिही," तो म्हणाला. "लाल आधी जातो. एकदम नाही. आधी तपकिरी होतो, मग मळका, मग तिथे काही होतं हेच कळत नाही. ती बरोबरच सांगत होती." तो थांबला. तिची बोटं थांबल्यावर पुढे बोलू लागला. "मग ओळी वाकतात. मधली अक्षरं पाण्यात पडल्यासारखी. मग मध्ये एक जागा होते. लोकांना वाटतं तिथे काळं दिसतं. काळं नसतं. तिथे काहीच नसतं."

तिने लिहिलं.

"लिही, जिन्याला घाबरू नका. कडा राहतात. चालता येतं, चहा ओतता येतो. म्हणूनच घरच्यांना कळत नाही. आपण ठरवलं तर कळतच नाही."

"आणि चेहरे?"

"तिने विचारलंय?"

"नाही. मी विचारतेय."

त्याचा अंगठा चौकटीवर थांबला.

"आधी डोळे जातात," तो म्हणाला. "समोरच्याचे. मग बाकीचं. मध्ये तू केस कापून आली होतीस, दुकानात सगळ्यांनी चेष्टा केली म्हणून धुसफुसत होतीस. मी म्हणालो, छान दिसतेस. केस दिसले होते. चेहरा तेव्हा नव्हता."

तिची बोटं अक्षरांवर तशीच राहिली. तिला तो दिवस आठवत होता. त्या एका शब्दावर तिचा रुसवा गेला होता.

"हेही लिहू?"

"लिही. तिने घरी सांगावं म्हणून लिही."

तिने टाइप केलं. एक शब्द चुकला, तो पुसला, पुन्हा चुकला, पुन्हा पुसला. मग सावकाश, एकेक अक्षर बघून लिहिला.

"पाठवू?"

"आधी वाचून दाखव. काहीतरी राहिलं असेल."

ती वाचू लागली. रंगांचे नंबर वाचून दाखवावेत तशा सपाट आवाजात तिने सगळं वाचलं : लाल, वाकलेल्या ओळी, जिना, चहा. केसांपाशी आली तेव्हा आवाज फाटला आणि ती थांबली. त्याने मान कलती केली आणि डोळ्यांच्या कडेने, जेवढी दिसत होती तेवढी, तिच्याकडे बघत राहिला.

"घाई नाही," तो म्हणाला. "मागच्या ओळीपासून घे."