सेवचा खडा

"मावशी, दगड चिकटलेला एखादा मोठा खडा ठेवलाय का हो कुणी?" खडकांचा अभ्यास करायला नोम पेन्हहून आलेल्या मालिसबाईंनी विचारलं.

फ्लानची हातोडी थांबली नाही. बोकेओच्या खड्ड्यांतून निघालेल्या झिरकॉनच्या खड्यांवरचा काळा दगड ठोकून काढायचा, हे काम ती तीस वर्षं करत होती. त्यात कंबर गेली, डोळे अधू झाले.

"घाण लागलेला खडा कोण ठेवतंय, बाई?"

"घाण नाही ती. खडा धरणीच्या पोटात तयार होतो, लाव्हा त्याला वर घेऊन येतो. तो लाव्हा म्हणजेच हा काळा दगड. दोघं जोडीनं सापडले, तरच खडा कुठून आला ते सांगता येतं."

"आमच्या खड्ड्याहून खोल?"

"तुमचे दहा हजार खड्डे एकाखाली एक लावा."

"आणि तिथून वर आला?"

"आला की."

फ्लानला हसू आलं, पण ते कडू होतं. तिचा नवरा सेव बाराच मीटर खाली गेला होता. खड्डा ढासळला आणि वर आलं ते मढं. त्याच्या मुठीत लिंबाएवढा खडा होता, दगडासकट. एकोणीस वर्षं तिने त्याला हातोडी लावली नव्हती.

"माझ्याकडं हाय एक," ती म्हणाली. "कापाल?"

"तपासायला कापावा लागेल. पण खड्यासोबतच्या चिठ्ठीवर खणणाऱ्याचं नाव राहतं, कायमचं."

सेवचं नाव कुठेच लिहिलेलं नव्हतं, थडग्याच्या लाकडावरसुद्धा नाही. तिने नाव सांगितलं आणि बाईंनी तिथल्या तिथे चिठ्ठी लिहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंची वाट बघत फ्लान खडा मांडीवर घेऊन कामाच्या जागी बसली. रात्रभर झोप नव्हती, डोळे मिटत होते. हात मात्र सवयीचे गुलाम, त्यांनी हातोडी उचलली. तिसऱ्या ठोक्याला तिला जाग आली, तेव्हा खडा लख्ख झाला होता आणि काळ्या दगडाचा भुगा पायाशी पडला होता.

"सगळा गोळा केलाय बघा," तिने बाईंपुढे फडकं धरलं. "चालंल का?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली.

"मीच करंटी," फ्लान म्हणाली. "ती चिठ्ठी तरी द्या."

बाईंनी दिली.

"अक्षरांची सरळ बाजू कंची?"

बाईंनी चिठ्ठी तिच्या तळहातावर सरळ ठेवली. फ्लान उठली आणि हात तसाच धरून, मनगट जराही न वळवता, घराकडे चालू लागली.