कड्यावरचा खोळंबा

शिंप्याने उजव्या हाताची बोटं खाचेत खुपसली, खाली बघायचं नाही असं मनाशी ठरवलं आणि लगेच खाली बघितलं.

तीस फुटांवर लेक त्याचा दोर धरून उभी होती. तिच्यामागे लाल हेल्मेटवाली पाच कॉलेजची मुलं रांगेने बसली होती. सुट्टीच्या दिवशी या कड्यापाशी मुंगी शिरायला जागा नसे. "तुमचं झालं की आम्ही जाऊ का या वाटेने?" असं मुलांनी अदबीने विचारलं होतं आणि लेकीने "दहा मिनिटांत" म्हणून शब्द दिला होता. त्याला आता वीस मिनिटं झाली होती.

एका कपड्यासाठी गिऱ्हाइकाला कधी दोन खेपा घालायला न लावणारा हा माणूस, पाच जणांना ताटकळत ठेवून पालीसारखा भिंतीला चिकटला होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "उतरतो गं!" म्हणायला त्याने तोंड उघडलं.

"काका, उतरू नका."

आवाज हाताभरावरून आला. त्या मुलांच्या बाई शेजारच्या वाटेने चढत होत्या, वर दोर अडकवायला. त्या केव्हाच पुढे गेल्या असतील असं त्याला वाटलं होतं. पण त्यांचे ओठ पांढरे पडले होते आणि पोटरी मशीनच्या सुईसारखी थरथरत होती.

"गेल्या महिन्यात इथूनच पडले मी," त्या कुजबुजल्या. "मुलांना माहीत नाही. जरा थांबाल?"

त्याचा दोर वरून आला होता. हात सुटला तरी तो नुसता लोंबकळला असता. बाईंचा दोर मात्र पायांच्या बराच खाली एका कडीत अडकवलेला होता. त्या सुटल्या असत्या तर कडीच्याही खाली गेल्या असत्या. 

बाईंचा दोर धरून बाजूला उभ्या असलेल्या सहाव्या मुलाने खालून हाक दिली, "बाई, काकांना मदत हवीय का?"

बाईंनी डोळे मिटले.

"हो, हवीय!" शिंपी ओरडला. "माझे पाय लटपटतायत. बाई सांगतायत मला. थांबा जरा!"

खाली कुणीतरी फिसकन हसलं. लेकीने मान खाली घातली, ते त्याला एवढ्या वरूनही दिसलं.

"डाव्या गुडघ्यापाशी खाच आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "चार बोटं रुंद. तुम्हाला तिथून दिसायची नाही. पाय उचला. अजून. हां, टेका."

बूट घसरला. एक खडा टणटणत खाली गेला.  बाईंनी पुन्हा पाय उचलला, टेकला, आणि या वेळी तो राहिला. त्या सरळ उभ्या राहिल्या. वरच्या कडीत दोर खट्कन बसला.

तो जमिनीवर आला तेव्हा लेक त्या मुलांना सांगत होती, "सॉरी हं, बाबांमुळे फार खोळंबा झाला." मग त्याच्या कमरेची गाठ सोडायला वाकत ती पुटपुटली, "बाबा, पुढच्या वेळी सोप्या दगडावर जाऊ."

"बरं," तो म्हणाला.

मुलं उठून पुढे सरसावली. तेवढ्यात बाईही वर दोर अडकवून खाली उतरल्या.

"थांबा रे," त्या म्हणाल्या.  "काका अर्ध्यावरूनच उतरलेत. त्यांचा नंबर संपलेला नाही."

मुलं एकमेकांकडे बघू लागली. लेक बापाकडे बघू लागली.

"आम्ही थांबतो, काका. सावकाश जा," मुलांपैकी एक जण म्हणाला.

शिंप्याने कड्याकडे बघितलं.  मग त्याने गाठीवरचा लेकीचा हात अलगद बाजूला केला.