खुर्चीत मोजलेला गुडघा

हे मी लिहिनारच नव्हतो. गावच्या सोसायटीचा कारकून जेवाले गेला की त्याचा टाइपरायटर मले भेटते. तेवढ्यात दोनदा कागद चढवला, दोनदा काढला.

इंद्रभान माहा दोस्त. मागल्या साली बैलाच्या बंडीवरून पडला, तवापासून त्याचा उजवा गुडघा चालता चालता सटके. डाक्टर म्हने, आता असाच राहीन. मी मॅट्रिक नापास, पन यंत्रशास्त्राचं एक जुनं पुस्तक आपल्या आपन वाचून काढलं होतं. म्हटलं, गुडघा म्हंजे दाराची बिजागरीच.

सोसायटीतल्या खुर्चीत त्याले बसवलं. नडगीवर शाईचा ठिपका देला, पाय हलवला, ठिपका जाईन तशी भितीवरच्या कागदावर रेघ मारली. कंपासचं वर्तुळ त्या रेघीवर बसेच ना. बिजागरीचा खिळा एका जागी राहते, गुडघ्याचा मध्यच सरके.

"माहाही गुडघा नापास झाला काय बे, तुह्यासारखा?" इंद्रभान म्हने.

मंग एका खिळ्याच्या जागी चार खिळे अन् मधात दोन तिरप्या पट्ट्या, असं गणित मांडलं. निवृत्ती लोहारानं तसा गुडघ्याले बांधाचा लोखंडी पट्टा करून देला. इंद्रभान खुर्चीतून उठे, बसे, चाले. गुडघा सटके ना.

त्याले एकच पाह्यजे होतं. बहिनीच्या, चांगुणाच्या लग्नात व्याह्यायच्या पंगतीत मांडी घालून जेवाचं. "लंगड्याची बहीन म्हनून नाही गेली पाह्यजे ते."

पंगत बसली. इंद्रभान खाली वाकला. खुर्चीइतका गुडघा वाकला अन् पट्ट्या एकमेकीले अडल्या. त्यानं जोर देला. गुडघ्याच्या आत कायतरी कटकन तुटलं.

पुस्तकातल्या चित्रातला मानूस खुर्चीत बसेल होता, म्हनून मीही खुर्चीतच मोजलं. खुर्ची ना माह्या घरी, ना त्याच्या.

कोनी हासलं नाही. हासले असते तं बरं झालं असतं. नवरदेवाच्या बापानं, नारायणरावानं, सोसायटीतून खुर्ची आनाले लावली. तेच खुर्ची. सारे खाली, अन् इंद्रभान वर, मांडीवर पत्रावळ घेऊन. चांगुणा तिकडं पाहेच ना.

आता पाय सरळ होत नाही, वाकतही नाही. काल गेलो तं तो भितीले टेकून बसेल होता.

"काऊन आला? अखीन मोजतं काय?"

"हाव. पन तुहा नाही, माहा. खाली बसून, पार मांडीपर्यंत. पट्टा आधी माह्या पायाले बांधीन. तो बांधून मी पंगतीत जेवीन, मंगच तुह्या पायाले हात लावीन. नाही जमलं तं नाही जमत म्हनून तुह्या तोंडावर सांगीन, इंद्रभान."