शाळेचा दरवाजा, सध्या मुक्काम डुकरखाना

मी दरवाजा बोलतोय. नाक मुरडू नका; वास माझा नाही, डुकरांचा आहे. मी मूळचा शाळेचा. शिकलेला आहे मी! तीनचा पाढा येतो. चारचा सुरू व्हायच्या आत शाळाच बसली, त्याला मी काय करू?

आमचं गाव चाकापाम्पा, डोंगराच्या पार खांद्यावर. खालच्या रस्त्यावरून वर यायला अर्धा दिवस लागतो, आणि उरलेला दम खायला. शाळा बांधायची ठरली तेव्हा सगळं गाव राबलं. मातीच्या विटा मिळून पाडल्या. छपरासाठी घरटी एकेक पत्रा आला. मी मात्र निलगिरीचा, तायता एलिओदोरोच्या बांधावरचा. तायता म्हणजे गावातलं वडीलधारं माणूस. तेव्हा माझा धर्मबाप कोण, यावर वादच नव्हता.

हसताय काय? आमच्याकडे पोराला लागतो तसा नव्या दरवाजालाही धर्मबाप लागतो. तायतानं माझ्या अंगावर चिचा, म्हणजे मक्याची दारू, ओतली (ती चढली, तेव्हापासून मी जरा वाकडाच लागतो), रंगीत कागदाचे कपटे उधळले आणि छातीवर हात ठेवून सगळ्यांसमोर म्हणाला, "हे माझं लेकरू. मी जिवंत आहे तोवर या चौकटीतून हलायचं नाही."

बायका रडल्या. मीही रडलो असतो, पण ओलं लाकूड. नुसता डिंक आला.

शिकवायला आलेल्या हेर्मिनियाबाईंचा कायदा एकच. ठोकल्याशिवाय आत यायचं नाही. सरपंच असो की शेंबडं पोर, आधी टकटक, मग आतून "या!" काय मान होता माझा! आणि त्या मानाचं मी काय केलं? पावसाळ्यात फुगून बसायचो. सरपंच खांदा लावून ढकलायचा, मी एकदम सैल सोडायचो, की स्वारी थेट पहिल्या बाकावर! पोरं माझ्यावर खूश. तायताची नात देल्मीरा तर फळा पुरत नाही म्हणून माझ्या आतल्या अंगावर कोळशानं पाढे लिहायची.

तिसऱ्या वर्षी बटाटे काढायची सुट्टी लागली आणि बाई आईकडे गेल्या. तेवढ्यात एका ट्रकवाल्यानं पुडी सोडली. बाई आता खालच्या, रस्त्याकाठच्या शाळेत जाणार, आणि तिथले लोक तुमचे पत्रेही उचलून नेणार.

फाउस्ता शिडी घेऊन हजर. "माझाच काढतेय हं. दुसऱ्याच्या पत्र्याला बोट लावलं तर बोट झडो!"

एक पत्रा गेला म्हणून काय शाळा पडते? मग दुसरा गेला. मग तिसरा. सगळे भलते प्रामाणिक! परक्याचा खिळासुद्धा कुणी नेला नाही. ज्यानं त्यानं आपलं तेवढं नेलं, आणि वर्गाच्या डोक्यावर आभाळ उरलं.

मी निर्धास्त होतो. माझा बाप जिवंत होता ना!

तो शेवटी आला. हातात पहार. "लेकरा, तुला सांभाळायलाच नेतोय," म्हणाला, आणि बिजागऱ्या उचकटल्या. सांभाळलंही. डुकरखान्याला.

सुट्टी संपली आणि बाई हजर! बदली-बिदली काही नव्हती. रिकाम्या चौकटीत उभ्या राहून त्या वर बघत राहिल्या. आठवड्यात साहेब तपासणीला येणार होता. छप्पर दिसलं नाही तर शाळेला टाळं, आणि मग मात्र बाई खरंच खाली.

बाई घरोघर फिरल्या. फाउस्ता म्हणाली, "देते की! माझं काय अडलंय? पण आधी एलिओदोरोला दरवाजा बसवू दे. पहिला हात त्याचा." जिथं तिथं हेच उत्तर. रीतच ती. धर्मबापानं हात लावल्याशिवाय कुणी दगड हलवत नाही.

बाई येताना दिसल्या आणि तायता माझ्या आड, डुकरांत शिरला. आतून कडी.

बाईंनी मला ओळखलं. आणि सवयीनं ठोकलं. टकटक.

मी जीव तोडून कुरकुरलो.

"आत कोण आहे गं?" बाईंनी विचारलं. देल्मीरा अंगणात बटाटे निवडत होती. तिनं सगळं बघितलं होतं. शाळा गेली की तिनं शहरात मावशीकडं भांडी घासायला जायचं, हे घरात ठरलेलं होतं.

"डुक्कर आहे, बाई."

"एकच?"

"एकच. पण केवढं मोठं!"

बाई हसल्या नाहीत. माझ्या अगदी जवळ येऊन म्हणाल्या, "तायता, दरवाजा द्या हो. तुम्ही दिलात की सगळे देतील."

त्याचा तळहात मला टेकलेला होता. मला वाटलं, काढतो कडी. त्यानं ती आणखी दाबून धरली.

बाई उतरून गेल्या. मग माझा बाप बाहेर यायला निघाला, आणि मी होतो तेवढा वाकडा होऊन चौकटीत रुतून बसलो. ढकल म्हणावं!

"देल्मीरा! अगं, बाहेरून ओढ की!"

"ठोका, आजोबा. शाळेचा दरवाजा आहे."

बराच वेळ डुकरंच बोलली. मग आतून हळूच, टकटक. देल्मीरा "या" म्हणाली नाही. बटाट्यांची टोपली उचलून घरात गेली.

ती शहरात गेली त्या सकाळी पाठीवर गाठोडं होतं. माझ्यासमोर थांबली, दोनदा ठोकलं आणि उतरणीला लागली.

तिच्या पाढ्यांवर डुकरं पाठ घासतात. तीन साते एकवीसच्या पुढचं सगळं पुसलंय. बाप जिवंत आहे. रोज मला लाथेनं उघडतो.

तुम्ही कधी चाकापाम्पाला आलात तर ढकलू नका, एवढंच करा. ठोका. आतून डुक्कर उत्तर देईल, मनावर घेऊ नका. मी तेवढ्यापुरता सरळ उभा राहीन.